जोडीतला दुसरा टायर

१

गाडी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात उभी होती. उभी म्हणायचं आपलं. छप्पर खिडक्यांपर्यंत खाली आलं होतं आणि चालकाच्या बाजूचं दार कापून काढलेलं होतं. शेजारी हायवेवरून उचलून आणलेला रबराचा एक लांबलचक पट्टा पडला होता. टायरचा वरचा, रस्त्याला टेकणारा थर. साल सोलावी तसा तो अख्खा निघून आला होता.

मी विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासते. इतकी वर्षं हे काम करून माझ्या मनातल्या बाकी सगळ्या भीत्या मेल्या. अंधार, साप, दवाखाना, कशाचं काही वाटत नाही. हायवेचं मात्र वाटतं. मी स्वतः गाडी चालवते ती शहरातल्या शहरात. भाचरं मला चिडवतात. चिडवू देत बापडी, त्यांनी असे पट्टे पाहिलेले नाहीत.

"वेग, मॅडम," हवालदार म्हणाला. "दुसरं काय असणार? सुसाट सुटला असेल."

"त्याला टॅक्सी स्टँडवर काय म्हणायचे ठाऊक आहे का?"

"काय?"

"कासव."

हवालदाराने मान खाजवली आणि विषय तिथेच सोडला.

कासव गिऱ्हाईक सोडून रिकामी टॅक्सी घेऊन परत येत होता. भर हायवेवर मागचा डावा टायर सोलला आणि फुटला. पुढचा फुटला तर गाडी एका बाजूला ओढते, पण माणसाला निदान काहीतरी करता येतं. मागचा फुटला की गाडी शेपटाकडून गर्रकन फिरते, आणि मग चालक कासव असो की ससा, त्याच्या हातात काही उरत नाही.

मी खाली बसून टायर पाहू लागले. नक्षी खोल होती. कडेला कारखान्यातून येताना असतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते.

"कोरा करकरीत आहे," हवालदार म्हणाला. "म्हणून तर घरचे चिडलेत. टायरवाल्याने सदोष माल गळ्यात मारला म्हणतात. त्याच्या दुकानावर दगड पडले काल."

मी बॅटरी नक्षीच्या खाचांत मारली. खाचांच्या तळाशी, टाचांना पडतात तशा बारीक भेगा होत्या. मग मी चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून चिखल पुसला. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला त्याचे आकडे एकाच बाजूला असतात, आणि नेमकी ती बाजू गाडीच्या पोटाकडे बसवलेली होती. आकडे मी दोनदा वाचले. टायर बारा वर्षांचा होता.

वापरलं नाही म्हणजे रबर टिकतं असं लोकांना वाटतं. ते नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. आतले थर एकमेकांना धरून ठेवेनासे होतात. शहरात हळूहळू फिरलात तर कित्येक महिने कळायचंही नाही. हायवेवर वेग घेतलात की टायर तापतो, थर सुटतात आणि संपलं.

मी नाक जवळ नेलं. जळक्या रबराखाली आणखी एक वास होता. डांबरगोळ्यांचा. टायरच्या फाटलेल्या पोटात, आतल्या बाजूला, पांढऱ्या रंगाने नेटका आकडा काढलेला होता. २.

"हे काय?" हवालदाराने विचारलं.

मी बॅटरी त्या आकड्यावर धरली. दोन असं कोण लिहितं? ज्याच्याकडे एक असतो तो. म्हणजे याच वयाचा, असाच कोरा दिसणारा टायर कुठल्यातरी गाडीला लागलेला असू शकत होता, आणि त्या गाडीत बसणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"हवालदारसाहेब," मी म्हटलं, "कासव गेला तो गेला. दुसरं कुणीतरी अजून जायचंय."

२

टायरवाल्याचं दुकान अर्ध्या शटरवर चालू होतं. मी वाकून आत गेले. माणूस आडदांड, पण मला पाहून हवेच्या यंत्रामागे सरकला.

"ताई, मी विकलेला नाही तो. आईशप्पथ."

"बसवला कुणी?"

तो यंत्राची नळी गुंडाळू लागला. मी दुकानभर हिंडून टायरच्या थप्प्या हुंगल्या. त्याला वाटलं असणार, दगड मारणाऱ्या माणसांपेक्षा ही बाई जास्त धोकादायक आहे. रबराचा, ग्रीसचा, त्याच्या घामाचा वास होता. डांबरगोळ्यांचा कुठेच नव्हता. त्याचे सगळे टायर गेल्या दोन वर्षांतले होते. माझा संशय तिथेच निम्मा उतरला.

"बसवला मीच," तो शेवटी म्हणाला. "पण आणला त्यांनी. चादरीत गुंडाळून, बाळाला आणावं तसा. मागचा डावा पार गोटा झाला होता, तो काढला आणि हा घातला."

"आकडे पाहिले नाहीत?"

"काय पाहणार, ताई? कोरा माल! केससुद्धा झडले नव्हते. मी म्हटलं, नशीबवान आहात." त्याने कपाळावर हात मारला. "वास येत होता हो कपाटासारखा. त्याच्यावरून मी त्यांची थट्टापण केली."

"एकच आणला होता?"

"एकच. मी विचारलं, जोडी कुठे? तर हसले नुसते. म्हणाले, भेट मिळालीय, भेटीच्या मालाला जोडी कसली मागायची."

"कुणी दिली भेट?"

"ते नाही बोलले. पण स्टँडवरच्या लंबूशी त्यांचं टायरवरूनच वाजलं होतं. लंबू जुने टायर विकतो गुपचूप. त्याला विचारा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ताई, दुसरापण असलाच असेल का?"

"असेल."

"मग तुम्ही इथे माझ्याशी बोलत काय बसलाय?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी शटरखालून बाहेर पडले तेव्हा डोकं आपटलं, तेही गाडीत बसेपर्यंत कळलं नाही.

३

लंबू टॅक्सीच्या बोनेटला टेकून दात कोरत होता. उंची इतकी की माझ्याशी बोलताना त्याला आभाळातून उतरावं लागत होतं.

"विकतो मी जुने टायर," तो म्हणाला. "लपवायचं काय त्यात? पण कासवाने माझ्याकडून खिळासुद्धा घेतला नसता. मी म्हटलं, बायकोला घाबरतोस. तो म्हणाला, हो, घाबरतो. आता अशा माणसाशी भांडणार तरी कसं?"

"डांबरगोळ्या वापरतोस मालात?"

तो मोठ्याने हसला. "टायरला कसर लागते होय, मॅडम?"

त्याच्या डिकीत दोन टायर होते. दोन्ही झिजलेले, मातकट, रंगाने काळे केलेले. फसवणूक होतीच, पण ती दुसऱ्या जातीची. ज्याने तो २ काढला त्याला माल खपवायचा नव्हता, जपायचा होता. हे माझ्या ध्यानात आलं आणि मला जास्तच भीती वाटली. लबाड माणूस सापडतो. चांगल्या हेतूने केलेली चूक शोधायची तर कुठल्या दिशेला जायचं?

"त्या दिवशी तू भेटलास त्याला?"

लंबूचं हसू गेलं. "पेट्रोल पंपावर. तो परत निघाला होता. म्हणाला, मागून गाडी थरथरतेय. चाक हलवून बघितलं आम्ही दोघांनी. टायर तर नवा. मी म्हटलं, चाकाचा तोल गेला असेल, गावात जाऊन बघ." त्याने दातातली काडी फेकून दिली. "मी सांगितलं त्याला असं, मॅडम. गावात जाऊन बघ म्हणालो."

थरथर ही टायरची शेवटची हाक असते. थर सुटायला लागला की जागा फुगते आणि चाक लंगडू लागतं. हे त्याला सांगावं की नाही, मला ठरवता येईना. मी नाही सांगितलं.

"मग?"

"मग त्याने एक फोन केला. हसत हसतच बोलला. फोन ठेवून म्हणाला, काही नाही, नवीन आहे, बसेल हळूहळू. आणि गेला."

"फोन कुणाला केला?"

"कुणाला करणार?" लंबू म्हणाला. "टायर जिने दिला तिला. बायकोला."

४

कासवाचं घर एका अरुंद गल्लीत होतं. मी वळणावर पोहोचले तेव्हा आतून एक पांढरी गाडी बाहेर येत होती. गल्लीत एकच जाऊ शकेल एवढी जागा. मी माझी गाडी मागे घेतली आणि त्यांना वाट दिली. चालवणाऱ्या माणसाने हात हलवून आभार मानले. शेजारी एक मुलगी बसली होती, मांडीवर मोठ्या माणसाचा फोन दोन्ही हातांनी धरून.

कासवाच्या बायकोने दार उघडलं. डोळे सुजलेले, पण घर झाडूनपुसून लख्ख. माझे हात चिखलाने आणि काजळीने भरले होते. तिने मला मोरी दाखवली आणि पत्र्याची ट्रंक उघडून घडीचा, कधी न वापरलेला टॉवेल काढून दिला.

मी तोंड पुसायला टॉवेल वर नेला आणि तसाच धरून उभी राहिले. डांबरगोळ्या.

"वडिलांची सवय," ती ओशाळून म्हणाली. "नवीन वस्तू आली की जपून ठेवायची. जुनी पार फाटेपर्यंत नवी काढायची नाही. गेले तेव्हा अशा ट्रंकाच ट्रंका निघाल्या. चहा टाकते, बसा."

खोलीत एकच आरामखुर्ची होती, सुंदर, कोरीव हातांची. मी तिच्यात बसले. फळीवर नाजूक निळ्या काठाचे कप होते. तीन. भिंतीवर हरणांच्या जोडीतलं एकटं हरीण टांगलेलं होतं, भिंतीबाहेर कुणाकडे तरी बघत असल्यासारखं. मला ते सगळं खटकत होतं, पण काय खटकतंय ते उमगत नव्हतं.

"टायर तुम्हीच दिलात ना त्यांना?"

"हो." तिचा आवाज एकदम कडक झाला. "म्हणून तर सांगतेय, त्या टायरवाल्याने बदलला. मी दिला तो कोरा होता. वडिलांनी गाडी विकायच्या आधी घेतला, एक दिवस वापरला नाही. यांचा टायर गोटा झालेला. मी म्हटलं, असल्या टायरवर लांबच्या भाड्याला जायचं नाही. ट्रंकेमागून ओढून मीच बाहेर काढला." तिने डोळ्यांना पदर लावला. "तो असता तर हे वाचले असते."

"पंपावरून त्यांचा फोन आला होता?"

ती मान खाली घालून चहा गाळत राहिली. "म्हणाले, थरथरतेय. मी म्हटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. नवी चप्पल नाही का चावत."

तिला माहीत नव्हतं. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं, आणि मला ते तिला सांगावं लागणार होतं. मी कप हातात घेतला. निळा काठ, पातळ चिनी माती. असे कप सहाचे येतात.

"बाकीचे तीन फुटले?"

"नाही हो. भावाकडे आहेत." ती किंचित हसली. "वडील गेल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. सगळं निम्मं-निम्मं. तीन कप त्याला, तीन मला. या खुर्चीची जोडीदारीण त्याच्याकडेच. लोक हसतात आम्हाला. पण आमचं कधी भांडण नाही झालं."

चहा माझ्या बोटांवर सांडला.

"आणि टायर?"

"दोन होते," ती म्हणाली. "एक-एक घेतला. त्याने त्याचा महिन्याभरापूर्वीच बसवला."

"तुमचा भाऊ कुठे आहे आत्ता?"

"आत्ताच गेला की. गावाहून माझ्या सासूबाईंना आणायला. त्या अंथरुणाला खिळलेल्या, लेकाचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही त्यांना. माझी लेकपण गेलीय, आजीला धीर म्हणून." तिने खिडकीकडे हात केला. "गल्लीच्या तोंडाशी तुम्हाला दिसले असतील. पांढरी गाडी."

मी त्यांना वाट करून दिली होती.

५

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. मऊ शब्दांत सांगायला वेळ नव्हता. बारा वर्षं, भेगा, थर, थरथर. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा रिकामा होत गेला. एका जागी तिने फक्त विचारलं, "म्हणजे मी?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग ती रडायला लागेल असं मला वाटलं. तिने फोन उचलला.

भावाचा फोन वाजत राहिला. "गाडी चालवताना तो घेतच नाही," ती म्हणाली. "यांनीच लावलेली शिस्त."

मी हवालदाराला लावला. तो म्हणाला टोलनाक्यावर कळवतो, पण नाका बराच पुढे आहे. तोवर ते हायवेला लागलेले असणार.

"लेकीकडे फोन होता," मी म्हटलं. "मोठा."

ती गोठली. "यांचा आहे तो. सोडतच नाही हातातून." तो नंबर तिने त्या दिवसानंतर लावला नव्हता. बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा रिंग गेली.

"आई?" मुलीचा आवाज आला, मागे वाऱ्याचा घोंगाट. "बाबांच्या फोनवर का केलास?"

"सहज गं. कुठे पोहोचलात?"

"हायवेवर. आई, गाडी थरथरतेय. मामा म्हणतो नवीन टायर आहे, बसेल हळूहळू."

मी तिच्या कानाशी कुजबुजले, ब्रेक नको, काही झालं तरी ब्रेक नको, पाय नुसता उचलायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची. भावाशीच बोला, असं मी खुणेने सांगितलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि फोनवर हात धरला.

"तो फार घाबरट आहे, ताई. टायर म्हटलं की पहिला ब्रेकच दाबेल." हात काढून ती फोनवर बोलली, आणि आवाज असा की जणू भाजी निवडत बसलीय. "बाळा, माझं एक काम कर. विचारू नकोस का ते. मामाला सांग, तुला मळमळतंय."

"पण मला नाही मळमळत."

"ठाऊक आहे. तरी सांग. म्हणावं, उलटी नाही होणार, पण वेग सोसत नाही. एकदम थांबू नकोस, हळूहळू कमी कर, असं सांग. लहान झाल्यासारखं सांग."

पलीकडे मुलीचा बारीक, लाडावलेला आवाज ऐकू आला. मामा चिडला. सीटकव्हर नवीन आहेत, काही खाऊन बसलीस का, असं काहीतरी. मग वाऱ्याचा घोंगाट थोडा उतरला. आणखी थोडा. मी श्वास धरून तो आवाज ऐकत होते. आयुष्यात एवढं लक्ष देऊन मी काही ऐकलेलं नाही.

मग तो आवाज आला. फट्. फट्. फट्. ओल्या गोणपाटाने पत्र्याला बडवावं तसा. सुटलेला थर चाकाबरोबर फिरत गाडीला आपटत होता. मुलगी ओरडली. आणि फोन बंद झाला.

ती परत लावत राहिली. लागेना. ती जमिनीवर बसली, मीही तिच्याशेजारी बसले. मी तिचा हात धरला की तिने माझा, सांगता येणार नाही. चहावर साय धरली. गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

फोन वाजला.

"आई, फोन खाली पडला होता." मुलगी धापा टाकत होती. "टायर सोलला, आई. सगळा. पण आम्ही अगदी हळू होतो. गाडी जरा वाकडी झाली आणि थांबली. मामा बाहेर रस्त्याच्या कडेला बसलाय. तो रडतोय."

"तुला लागलं?"

"नाही."

"कुठेच नाही?"

"नाही गं. आई, तुला कसं कळलं?"

मी मान वळवली. आत्ता नको, असं मला तिला सांगायचं होतं. लहान पोर आहे, हायवेच्या कडेला उभी आहे, नंतर कधीतरी सांगा. पण तो सल्ला द्यायचा माझा अधिकार नव्हता.

"तो टायर जुना होता, बाळा. आजोबांनी जपून ठेवलेला. बाबांच्या गाडीलापण त्यातलाच होता." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तो मी दिला होता. मला वाटलं, नवा आहे."

पलीकडून ट्रक गेल्याचा आवाज आला, मग दुसरा.

"आई," ती शेवटी हलक्या आवाजात म्हणाली, "हे तू कुणाला सांगू नकोस हं. मीपण नाही सांगणार. मामालासुद्धा नाही."

बाईने डोळे मिटले. तिला आजवर कुणी एवढं काही देऊ केलं नसेल, आणि ते घ्यायची तिला किती इच्छा झाली असेल, ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

"सांगायचं, बाळा," ती म्हणाली. "त्या टायरवाल्या काकांच्या दुकानावर आपल्या माणसांनी दगड मारलेत. त्यांना मीच जाऊन सांगणार आहे. आधी तुला न्यायला येते. गाडीपासून लांब उभी राहा, कठड्याच्या पलीकडे."

"कशातून येशील?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून किल्ली काढली. मी हायवेवर गाडी चालवत नाही, हे तिला सांगितलं नाही.

"एक ताई आहेत, त्या आणताहेत मला."

"आई," मुलगी म्हणाली, आणि आता तिला रडू फुटलं. "हळू ये."